उसनवारीचे जीन्स कसे पकडायचे: झाडांना रोग लावणाऱ्या बॅक्टेरियातलं रिकॉम्बिनेशन

समजा तुमच्याकडे चाळीसेक आयसोलेट्स (रोगट झाडांतून वेगळे काढलेले बॅक्टेरिया) आहेत, सगळे एकाच रोगाचे. तुम्ही जायर-बी जीन सिक्वेन्स केला, ट्री काढलं, बूटस्ट्रॅप (फांद्यांवर किती भरवसा ठेवायचा तो आकडा) शंभराच्या घरात, खूश. मग कोणीतरी म्हणतं आरपीओ-डी जीनपण करून बघ, आणि ते ट्री येतं भलतंच, जो स्ट्रेन (त्याच बॅक्टेरियाचा एक वाण) तिकडे एका घोळक्यात होता तो इकडे दुसऱ्यांच्याच पंगतीत जाऊन बसलेला. बहुतेक जण इथे काय करतात तर दोन्ही जीन्स एकापुढे एक चिकटवतात, एकच ट्री काढतात आणि पुढे जातात. मीही केलंय. पण ते म्हणजे दोन साक्षीदार वेगवेगळं सांगतायत म्हणून दोघांच्या जबान्या एकाच कागदावर उतरवून घेतल्यासारखं झालं. दोन्ही ट्री खरी असू शकतात, कारण त्या स्ट्रेनचा एक जीन आईकडून आलाय आणि दुसरा शेजाऱ्याकडून उसना घेतलाय. ही उसनवारी कशी शोधायची, आणि मुख्य म्हणजे कुठे फसायला होतं, ते इथे लिहितोय. (ट्री म्हणजे वंशवृक्ष, झाड म्हणजे खरं झाड, एवढं ठरवून घेऊ, या विषयात नाहीतर फार घोळ होतो.)

बॅक्टेरिया तसे दोनाचे चार, चाराचे आठ असे होतात, नर-मादी भानगड नाही. तरी जीन्सची देवाणघेवाण चालतेच आणि तिच्या तीन वाटा आहेत. एक, बाहेर पडलेला डीएनए उचलून आत घेणे, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन, ग्रिफिथने १९२८ साली दाखवलेलं. दोन, दोन पेशी एकमेकींना चिकटून प्लाझमिड (क्रोमोसोमपासून वेगळं असलेलं डीएनएचं कडं) वगैरे पास करतात, म्हणजे काँज्युगेशन, लेडरबर्ग आणि टेटम, १९४६. तीन, फाज म्हणजे बॅक्टेरियाचा व्हायरस चुकून एकाचा डीएनए दुसऱ्यात नेऊन टाकतो, ट्रान्सडक्शन, झिंडर आणि लेडरबर्ग, १९५२.

झाडांच्या बॅक्टेरियात या वाटा अगदी वापरातल्या आहेत. मर रोगवाला राल्स्टोनिया टोमॅटोच्या आत वाढता वाढताच बाहेरचा डीएनए उचलायच्या मूडमध्ये येतो. झायलेला फास्टिडिओसापण नैसर्गिकरीत्या डीएनए उचलतो. अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा किस्सा तर भारीच आहे (हा झाडावर गाठी आणतो), ऑस्ट्रेलियातल्या ॲलन कर यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की एकाच झाडात रोग लावणारा आणि न लावणारा असे दोन स्ट्रेन एकत्र ठेवले तर न लावणाराही रोग लावायला शिकतो, आणि नंतर कळलं की हे टीआय प्लाझमिडचं काम. त्यातही गंमत अशी की गाठीतल्या झाडाच्या पेशींकडून हा बॅक्टेरिया जे ओपाइन नावाचं द्रव्य बनवून घेतो ते त्याचं खाणंही असतं आणि 'आता प्लाझमिड वाटा' हा सिग्नलसुद्धा तेच असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उसनवारी दोन जातीची असते. पहिली, आपल्याकडे जीन आहेच पण शेजाऱ्याच्या व्हर्जनने त्याचा तुकडा बदलला जातो, म्हणजे होमोलॉगस रिकॉम्बिनेशन. दुसरी, आपल्याकडे नव्हतंच असं काहीतरी नवीन येऊन बसतं, प्लाझमिड, फाज, जिनोमिक आयलंड (एकगठ्ठा आलेला जीन्सचा पट्टा) वगैरे. ही दोन वेगवेगळ्या टूल्सनी शोधायची असतात. गबिन्स (पहिल्या जातीचे तुकडे शोधणारं टूल, पुढे येईलच) चालवून 'रिकॉम्बिनेशन फारसं नाही' असं लिहून टाकणारे लोक कित्येकदा दुसऱ्या जातीकडे बघितलेलंच नसतात, कारण रेफरन्समध्ये (तुलनेसाठी घेतलेल्या जिनोममध्ये) जो भाग नाहीच तो त्यांच्या अलाइनमेंटमध्येही (एकाखाली एक जुळवून मांडलेल्या सिक्वेन्समध्येही) आलेला नसतो.

सॅम्पलपासून सुरुवात करा, सॉफ्टवेअरपासून नाही

सगळ्यांना घाई असते कमांड काय टाकू याची. पण उत्तर चुकतं ते तिथे नाही, शेतात चुकतं. एका पानावरच्या दहा डागांतून दहा आयसोलेट काढले तर ती बहुतेक एकाच क्लोनची (एकाच पूर्वजाच्या हुबेहूब प्रतींची) दहा पिल्लं असतात. रोगाची साथ आली की एकच क्लोन सगळीकडे पसरतो, तुम्ही शंभर आयसोलेट जमवता आणि प्रत्यक्षात हातात असतात तीन-चार वेगळे. मग म्हणता डायव्हर्सिटी नाही. अहो डायव्हर्सिटी आहे, तुम्ही तिच्याकडे गेलाच नाहीत!

म्हणून सॅम्पल पसरून घ्या. वेगवेगळी शेतं, वेगवेगळे सीझन, मुख्य पिकाबरोबर आजूबाजूचं तण आणि त्याच कुळातली जंगली झाडं. जुन्या कलेक्शनमधले स्ट्रेन मिळाले तर सोन्याहून पिवळं. स्यूडोमोनास सिरिंजी असेल तर पाण्यालासुद्धा सोडू नका, हा गडी पाऊस, बर्फ, ओढे सगळीकडे सापडतो, आणि पिकावर जे येतं ते त्या मोठ्या गोतावळ्यातलं थोडंसंच असतं. प्रत्येक आयसोलेटसोबत झाड, जात, जागा, तारीख, कुठल्या भागातून काढलं एवढं त्याच दिवशी लिहून टाका. नंतर लिहू म्हटलं की ते राहतंच.

एकाच क्लोनची पिल्लं सापडली तर आकडेमोड दोनदा करा, एकदा सगळे घेऊन आणि एकदा प्रत्येक शेतातून प्रत्येक क्लोनचा एकच प्रतिनिधी ठेवून. दोन्ही उत्तरांमध्ये मोठा फरक आला तर तुम्ही बॅक्टेरियाबद्दल नाही, साथीबद्दल काहीतरी शिकलात. किती जिनोम पुरे? ठरलेला आकडा नाही, पण माझ्या अनुभवात वीसच्या खाली गेलं की रिकॉम्बिनेशनचे आकडे फार डुलतात, एक स्ट्रेन काढला तर वेगळं, घातला तर वेगळं.

आणि हो, क्वारंटाइनवाले बॅक्टेरिया असतील, म्हणजे झायलेला किंवा राल्स्टोनियाचे काही प्रकार, तर आधी परवानगी, मग प्लेट.

कल्चर: कंटाळवाणं काम पण इथेच सगळं ठरतं

सिंगल कॉलनी घ्या, परत स्ट्रीक करा, परत सिंगल कॉलनी. किमान दोनदा, मी तीनदा करतो. सिरिंजी किंग्ज बी मीडियावर बरेचदा यूव्हीखाली चमकतो, ते बघायला बरं वाटतं पण तेवढ्यावर ओळख पक्की करू नका. राल्स्टोनिया टेट्राझोलियमच्या मीडियावर लावला की चांगली कॉलनी पातळ, पसरट, मध्ये गुलाबी अशी येते, आणि सारखा सारखा सबकल्चर केलात की छोट्या गोल गडद लाल कॉलन्या दिसायला लागतात, त्या रोग लावायची ताकद गमावलेल्या. त्यामुळे याला निर्जंतुक पाण्यात साठवायची जुनी पद्धत आहे आणि ती मस्त चालते. झायलेला म्हणजे पेशन्सची परीक्षा, कॉलनी दिसायलाच आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, तोपर्यंत दुसऱ्या कोणीतरी प्लेट भरून टाकलेली असते.

एवढं का सांगतोय? माझ्या एका डेटासेटमध्ये एक स्ट्रेन होता, त्याच्यात रिकॉम्बिनेशनचा नुसता महापूर, जिनोमभर तुकडेच तुकडे, अर्धे एका घराण्याचे, अर्धे दुसऱ्याचे. मी तीन आठवडे त्याच्यावर गोष्ट रचत बसलो, दोन घराण्यांमधला पूल सापडला म्हणून आकृतीसुद्धा तयार होती. शेवटी सहज म्हणून रीड्स (सिक्वेन्सरने वाचलेले डीएनएचे तुकडे) उघडून बघितले तर शेकडो जागी ७० टक्के रीड्स एक अक्षर सांगतायत आणि ३० टक्के दुसरं. बॅक्टेरियात क्रोमोसोमची साधारण एकच प्रत असते, त्याला असं सत्तर-तीस होता येत नाही. दोन स्ट्रेन एकाच ट्यूबमध्ये होते, बस. पूल वगैरे काही नाही, माझंच स्ट्रीकिंग ढिसाळ. दुधाने तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पितो.

तर ही तपासणी आधी करायची. रेफरन्सवर रीड्स मॅप करा (म्हणजे आपापल्या जागी बसवा) आणि मिश्र अक्षरं किती जागी येतात ते मोजा. थोड्या जागी आणि सगळ्या एकाच पट्ट्यात असतील तर बहुतेक तो भाग जिनोममध्ये दोनदा आहे आणि दोन्हीकडचे रीड्स एकाच जागी येऊन बसलेत, घाबरायचं कारण नाही. जिनोमभर विखुरलेल्या असतील तर मिक्स आहे, परत कल्चरवर जा. चेकएम (जिनोममध्ये परक्याची भेसळ आहे का ते सांगणारं टूल) सुद्धा चालवा, पण ते दूरच्या पाहुण्याला पटकन पकडतं, त्याच स्पिसीजच्या भावाला पकडायला कच्चं आहे, आणि आपल्याला फसवणारा नेमका भाऊच असतो. एकाच रनमध्ये बरेच सॅम्पल असतील तर बारकोडची (सॅम्पल ओळखायच्या खुणांची) सरमिसळ होऊन थोडे रीड्स इकडचे तिकडे जाऊ शकतात, तेही डोक्यात असू द्या.

थोडे जीन्स की पूर्ण जिनोम?

पैसे कमी असतील तर एमएलएसटी (ठरावीक थोडे जीन्स सिक्वेन्स करून स्ट्रेन ओळखायची पद्धत) अजूनही वाईट नाही. झायलेलासाठी ७ जीन्सची ठरलेली स्कीम आहे, सिरिंजीसाठी लोक ४ किंवा ७ जीन्स वापरतात, राल्स्टोनियात ईजीएल जीनवरून सिक्वेव्हार (उपगट) ठरवतात. जीन्स वेगवेगळ्या ट्री देतायत का, एकच अलील (जीनची एखादी आवृत्ती) अगदी वेगळ्या पार्श्वभूमीत येतोय का, एवढं यावरून कळतं. झायलेलातली मोठी गोष्ट अशीच उलगडली, अमेरिकेत तुतीवर आणि ब्लूबेरीवर सापडलेले काही स्ट्रेन हे फास्टिडिओसा आणि मल्टिप्लेक्स या दोन सबस्पिसीजची खिचडी निघाले, म्हणजे नवीन झाडावर जायची वाट बहुधा या सरमिसळीतूनच सापडली असणार.

पण सात जीन्स म्हणजे साठेक लाख अक्षरांच्या जिनोममधली काही हजार अक्षरं. सिरिंजीचंच बघा, २००४ मध्ये ७ जीन्सवरून निष्कर्ष निघाला की याचा कोअर जिनोम (सगळ्या स्ट्रेनमध्ये असलेला भाग) जाम क्लोनल (जवळजवळ उसनवारी नसलेला) आहे, आणि २०१९ मध्ये ३९१ स्ट्रेनचे पूर्ण जिनोम बघितल्यावर दिसलं की उसनवारी चालू आहे, आणि जगण्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या जीन्समध्येच ती उठून दिसते, आणि तीच या सगळ्या कॉम्प्लेक्सला एक स्पिसीज म्हणून बांधून ठेवते. पहिले लोक चुकले असं नाही. घरखर्चाच्या सात वह्या बघून उसनवारी नाही म्हणाले, आठवी वही दुसऱ्या खोलीत होती.

आता जिनोम सिक्वेन्सिंग परवडत असेल तर तेच करा. शॉर्ट रीड, ५० पट किंवा जास्त डेप्थ (एक अक्षर सरासरी किती वेळा वाचलं ते), फास्टक्यूसी आणि फास्टपीने साफसफाई, स्पेड्सने असेंब्ली (रीड्स जोडून जिनोम बनवणं), क्वास्टने तपासणी. झॅन्थोमोनास असेल तर मात्र निदान काही स्ट्रेनचं लाँग रीड करा, याला पर्याय नाही. कारण टाल इफेक्टर, म्हणजे हा बॅक्टेरिया झाडाच्या पेशीत सोडतो ती प्रोटीन्स. या प्रोटीनमध्ये साधारण ३४ अमिनो आम्लांचा एकच तुकडा परत परत येतो, फरक मुख्यतः १२व्या आणि १३व्या जागेवर, आणि त्या दोन जागांवरून झाडाच्या डीएनएचं कुठलं अक्षर पकडायचं ते ठरतं, हा कोड २००९ मध्ये उलगडला. आता डीएनएच्या हिशोबात एक रिपीट १०२ अक्षरांचा, तुमचा रीड दीडशेचा, म्हणजे असेंब्लर बिचारा कुठला तुकडा कुठला हे सांगूच शकत नाही आणि सगळे एकावर एक घडी घालून ठेवतो. आणि दुर्दैव असं की हे रिपीट्स आपापसातच रिकॉम्बाइन होऊन नवे टाल बनतात, म्हणजे सगळ्यात रंगतदार रिकॉम्बिनेशन तुमच्या डेटात दिसतच नाही. भाताच्या करप्यावाल्या झॅन्थोमोनास ओरायझीच्या पीएक्सओ९९ए स्ट्रेनमध्ये असे १९ टाल जीन्स आहेत, वर २१२ किलोबेसचा एक आख्खा पट्टा लागोपाठ दोनदा आहे. शॉर्ट रीडने तो एकदाच दिसेल.

अलाइनमेंट आणि पहिली नजर

एकमेकांशी जवळचे स्ट्रेन असतील तर स्निपीसारख्या टूलने एका रेफरन्सवर मॅप करा. रेफरन्स त्याच घराण्यातला, पूर्ण बंद झालेला जिनोम असू दे. लांबचा रेफरन्स घेतला तर अर्धा जिनोम मॅप होत नाही आणि जो होतो त्यात चुका. आधी फास्टएएनआय चालवून कोण कोणाच्या किती जवळ (डीएनए किती टक्के सारखा) ते बघा, ९५–९६ टक्क्यांच्या खाली गेलं की साधारण वेगळी स्पिसीज मानतात, म्हणजे असे दोन एका ताटात बसवू नका. बऱ्याच डेटासेटमध्ये नावच चुकीचं असतं, राल्स्टोनियाचीच २०१४ मध्ये तीन स्पिसीजमध्ये वाटणी झाली आणि डेटाबेसात जुनी नावं अजून तशीच पडून आहेत.

इन्सर्शन सिक्वेन्स (जिनोममध्ये उड्या मारणारे छोटे तुकडे) आणि रिपीट्स मास्क करा, म्हणजे हिशोबातून झाकून टाका. झॅन्थोमोनास ओरायझीमध्ये तर ते पोत्याने भरलेत, मास्क नाही केले तर प्रत्येक जागी खोटं रिकॉम्बिनेशन दिसेल.

मग लगेच मोठं टूल नको. स्प्लिट्सट्रीमध्ये नेटवर्क काढा, फांद्या सरळ दिसतायत की मधे जाळीच जाळी आहे ते डोळ्यांनी बघा, त्यातच फाय टेस्ट (रिकॉम्बिनेशनची खूण आहे का ते तपासणारी) आहे ती चालवा. फाय टेस्ट फक्त हो किंवा नाही सांगते, पण सुरुवातीला तेवढं पुरतं.

इथे एक सावधानता. एकच बदल दोन लांबच्या फांद्यांवर दिसला म्हणजे उसनवारीच, असं नाही. सफरचंदाच्या फायर ब्लाइटवाल्या अर्विनिया अमायलोव्होराला स्ट्रेप्टोमायसिन मारलं की आरपीएस-एल जीनच्या ४३व्या कोडॉनमध्ये बदल होऊन तो रेझिस्टंट होतो, आणि हा बदल वेगवेगळ्या ठिकाणी आपापला स्वतंत्रपणे झालेला आहे. कोणी कोणाला दिलं नाही, औषध तेच म्हणून पळवाटही तीच. पण याच बॅक्टेरियात तोच रेझिस्टन्स एसटीआर-ए, एसटीआर-बी या जीन्समुळेही येतो, आणि ते ट्रान्सपोझॉनवर (उड्या मारणाऱ्या डीएनएवर) बसून बाहेरून आलेले असतात. बाहेरून दोन्ही स्ट्रेन सारखेच रेझिस्टंट, आतली गोष्ट पूर्ण वेगळी. ओळखायचं कसं? एकटं अक्षर बदललंय आणि आजूबाजूला सगळं शांत, तर म्युटेशन. एका पट्ट्यात दहा-पंधरा बदल दाटीवाटीने आणि ते सगळे दुसऱ्या घराण्याशी जुळतायत, तर तुकडा आलाय.

गबिन्स की क्लोनलफ्रेमएमएल

दोन्हीची मूळ आयडिया तीच, की म्युटेशन जिनोमभर शिंतोडे उडाल्यासारखे पडतात आणि रिकॉम्बिनेशन डागासारखं एका जागी दाट दिसतं. गबिन्स प्रत्येक फांदीवर असे दाट पट्टे शोधतं, ते बाजूला काढतं, ट्री परत काढतं, परत शोधतं. हे जवळच्या स्ट्रेनसाठी आहे, एका साथीतले, एका क्लोनल घराण्यातले. पूर्ण स्पिसीज कॉम्प्लेक्स त्यात टाकलं की ते सगळीकडेच दाटी बघतं आणि निम्मा जिनोम उडवून टाकतं. आणि कृपा करून त्याला नुसती स्निप्सची (फक्त बदललेल्या अक्षरांची) अलाइनमेंट देऊ नका, मधली न बदललेली अक्षरं काढून टाकली की दाटी कशाच्या तुलनेत मोजणार? पूर्ण लांबीची अलाइनमेंट द्या, जिनोममधल्या क्रमाने. कोअर जीन्स उलटसुलट क्रमाने चिकटवलेली फाइलही चालत नाही, कारण मग शेजारी हे शेजारी राहतच नाहीत.

क्लोनलफ्रेमएमएलला अलाइनमेंट आणि आधी काढलेलं ट्री, दोन्ही लागतात, ट्री आयक्यू-ट्रीने काढा. ते तीन आकडे देतं, ते नीट समजून घ्या कारण सगळे जण शेवटचा एक आकडा उचलतात आणि पळतात. पहिला आर बाय थीटा, म्हणजे म्युटेशनच्या तुलनेत उसनवारीच्या घटना किती. दुसरा डेल्टा, आलेल्या तुकड्याची सरासरी लांबी, फाइलमध्ये हा उलटा म्हणजे एक भागिले डेल्टा असा असतो, तिथे हमखास गडबड होते. तिसरा न्यू, आलेल्या तुकड्यात दर अक्षरामागे किती फरक. तिघांचा गुणाकार म्हणजे आर बाय एम, म्हणजे म्युटेशनने झालेल्या बदलांच्या तुलनेत उसनवारीने आलेले बदल किती.

समजा पहिला ०.२, डेल्टा ४००, न्यू ०.०३ आला. म्हणजे पाच म्युटेशन होतात तेव्हा एक तुकडा येतो, पण तो तुकडा येताना ४०० गुणिले ०.०३ म्हणजे १२ बदल एका फटक्यात आणतो. गुणाकार २.४. घटना म्हणून उसनवारी पाचपट कमी, पण जिनोममध्ये झालेल्या बदलांत तिचा वाटा म्युटेशनच्या जवळपास अडीचपट. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत, त्यामुळे कुठला आकडा देताय ते लिहा, नाहीतर दोन पेपर वाचून लोक भांडत बसतात आणि दोघं वेगळंच काहीतरी मोजत असतात.

आर बाय एम हा बॅक्टेरियाच्या रक्तगटासारखा पक्का आकडा नाही. तुम्ही कुठले स्ट्रेन घेतले त्यावर तो हलतो. राल्स्टोनियात एकाच कॉम्प्लेक्समध्ये फायलोटाइप (राल्स्टोनियातलं घराणं) एक चांगलाच सरमिसळ करणारा आणि टू-बी बराच क्लोनल, असा फरक सापडलाय, मग 'राल्स्टोनियाचा आर बाय एम' म्हणजे नक्की कोणाचा? घराणी वेगवेगळी करून चालवा.

आणि शून्य आलं तर? शून्य म्हणजे दिसलं नाही, एवढंच. देणारा आणि घेणारा अगदी सारखे असतील तर शंभर तुकडे इकडून तिकडे गेले तरी एक अक्षर बदलत नाही, टूलला काय दिसणार, सारख्याच दोन साड्यांना एकमेकींचं ठिगळ लावल्यावर कळतं का? अर्विनिया अमायलोव्होरासारख्या कमी विविधता असलेल्या बॅक्टेरियात हे फार होतं.

सापडलेला पट्टा खरा आहे का

टूलने पट्टे दिले की मोठे मोठे दहा-बारा हाताने उघडून बघा. आत काय आहे? फाजचे जीन्स, इन्सर्शन सिक्वेन्स, असेंब्लीच्या तुकड्याची कड, असं असेल तर शंका घ्या. खरा पट्टा असेल तर फक्त तेवढ्या भागाचं ट्री काढा, तो स्ट्रेन दात्याच्या शेजारी जाऊन बसला पाहिजे, आणि पट्ट्याच्या डावी-उजवीकडच्या भागांत परत आपल्या घरी आला पाहिजे. दाता तुमच्या कलेक्शनमध्ये नसेल तर पब्लिक डेटाबेसमध्ये शोधा, तिथेही नसेल तर 'दाता सापडला नाही' असं लिहा, जवळात जवळच्याला दाता ठरवून मोकळं होऊ नका.

पट्ट्यात टाइप थ्री इफेक्टर (झाडाच्या पेशीत टोचायच्या प्रोटीन्सचे जीन्स) निघाले तर थांबा आणि नीट बघा. हेच जीन्स झाडाच्या आत जाऊन गडबड करतात आणि झाडाचं रेझिस्टन्सही यांनाच ओळखतं, त्यामुळे बदलायचा दबाव इथे सगळ्यात जास्त. विविधता नुसतं घेऊन येते असं नाही, टाकूनही येते. घेवड्यावरच्या स्यूडोमोनास फॅसिओलिकोलामध्ये १०६ किलोबेसचं एक आयलंड आहे, त्यात झाडाला ओळखू येणारा इफेक्टर बसलेला. रेझिस्टंट घेवड्यातून बॅक्टेरिया परत परत काढले तर ते आयलंड क्रोमोसोममधून सुटून जातं आणि मग तोच बॅक्टेरिया त्याच झाडाला रोग लावतो. पुढे असंही दिसलं की झाडाच्या आतच ते आयलंड ट्रान्सफॉर्मेशनने दुसऱ्या पेशीत जाऊ शकतं. म्हणजे जड सामान वाटेत टाकायचं, आणि लागलं तर कोणीतरी टाकलेलं उचलायचं.

ही दुसऱ्या जातीची उसनवारी शोधायला पॅनजिनोम (सगळ्या स्ट्रेनमधल्या सगळ्या जीन्सची एकत्र यादी) करा, बाक्टा किंवा प्रोक्काने जीन्स ओळखून नावं लावायचं काम म्हणजे अ‍ॅनोटेशन आणि पनारूने कोणाकडे काय आहे याचा तक्ता. अ‍ॅनोटेशन सगळ्यांचं एकाच टूलने, एकाच व्हर्जनने, डेटाबेसवरून तयार घेतलेलं नको. मग कोअर ट्रीशेजारी तो तक्ता लावून बघा. किवीच्या कँकरचा सिरिंजी ॲक्टिनिडी हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. इटलीत २००८ मध्ये साथ उसळली, न्यूझीलंडमध्ये नोव्हेंबर २०१० मध्ये सापडला, चिलीतही पोचला. कोअर जिनोम बघितला तर सगळे जवळजवळ जुळे भाऊ, गबिन्सला तिथे फारसं काही मिळणार नाही. पण प्रत्येक ठिकाणच्या स्ट्रेनमध्ये इंटिग्रेटिव्ह काँज्युगेटिव्ह एलिमेंट (क्रोमोसोममध्ये बसणारा, पण काँज्युगेशनने दुसऱ्या पेशीत जाऊ शकणारा तुकडा) मात्र वेगळं. आणि न्यूझीलंडमध्ये आलेल्या सुरुवातीच्या स्ट्रेनना तांब्याच्या फवारणीपुढे टिकता येत नव्हतं, काही वर्षांतच तांब्याला न जुमानणारे सापडले, तो जीन्सचा संच अशाच एलिमेंटवरून आणि प्लाझमिडवरून मिळालेला. शेतात फवारणी चालू असताना समोर उत्क्रांती चाललेली, आणि कोअर ट्रीमध्ये त्याचा मागमूस नाही.

साथ कधी आली याची तारीख काढायची असेल तर रिकॉम्बिनेशनचे पट्टे आधी मास्क करा, मगच पुढे जा. नाही केले तर ट्रीचा आकार बऱ्याचदा फारसा बिघडत नाही पण फांद्या लांब होतात, आणि फांदी लांब म्हणजे तारीख मागे.

लॅबमध्ये करून बघायचं असेल तर

कॉम्प्युटरवर दिसलं ते खरंच होतं का हे बघायचा साधा प्रयोग आहे. दोन स्ट्रेन घ्या, प्रत्येकात वेगळा रेझिस्टन्स मार्कर, एकत्र वाढवा, दोन्ही अँटिबायोटिक असलेल्या प्लेटवर लावा, दुहेरी रेझिस्टंट कॉलन्या मोजा. ऐकायला सोपं, पण कंट्रोलशिवाय काही अर्थ नाही. प्रत्येक स्ट्रेन एकेकटाही त्याच प्लेटवर लावायचा, कारण आपोआप म्युटेशननेही कॉलन्या येतात. दुसरा सेट डीएनेझ (उघडा डीएनए तोडणारं एन्झाइम) टाकून करायचा, कॉलन्या बंद झाल्या तर उघड्या डीएनएमुळे म्हणजे ट्रान्सफॉर्मेशनने होत होतं, तरीही येत राहिल्या तर काँज्युगेशन किंवा फाज. या दोघांत फरक करायला मध्ये फिल्टर ठेवा, पेशी पलीकडे जात नाहीत पण फाज जातात. शेवटी दोन-चार दुहेरी कॉलन्यांचा पूर्ण जिनोम करून तुकडा खरंच कुठे आणि किती लांबीचा बसलाय ते बघायचं, नुसत्या कॉलनीवर विश्वास नाही. मार्कर निवडताना बायोसेफ्टी कमिटीला विचारा, क्वारंटाइनवाल्या स्ट्रेनमध्ये उगाच नवीन रेझिस्टन्स घालून ठेवायचं नसतं.

लिहायला बसाल तेव्हा आर बाय एमसोबत त्याची रेंज द्या, कुठले पट्टे मास्क केले त्याची फाइल जोडा, टूलचं व्हर्जन लिहा, रेफरन्स कुठला ते लिहा, आणि क्लोनची पिल्लं काढून टाकलीत का तेही. आणि ज्या कॉलनीचा डीएनए सिक्वेन्सिंगला पाठवला, नेमक्या त्याच कॉलनीचा ग्लिसरॉल स्टॉक उणे ८०ला ठेवा, प्लेटवरच्या शेजारच्या कॉलनीचा नको. सहा महिन्यांनी कोणीतरी विचारणारच की हा पट्टा पीसीआरने तपासला का, आणि तेव्हा ट्यूब उघडल्यावर आत दुसराच भाऊ निघाला तर पुन्हा पहिल्यापासून स्ट्रीकिंग.